कोर्टातून विधानसभेत जाऊ पाहणाऱ्या वकिलांसाठी

आमदार व्हायचंय असं एखाद्या जुनिअरनं सांगितलं की मी त्याला पक्ष विचारत नाही. महसुलाची कामं किती केलीस, एवढंच विचारते. फेरफाराच्या हरकती, वारसनोंदी, मामलेदार कोर्ट ॲक्टच्या कलम ५ खालचे शेतरस्त्याचे अर्ज, वर्ग दोनच्या म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी, भूसंपादनाचा वाढीव मोबदला. तालुक्याच्या ठिकाणी वकिलाकडे येणारी बरीच माणसं याच कामांसाठी येतात आणि उद्या आमदाराच्या कार्यालयातही तीच माणसं तेच कागद घेऊन येणार आहेत. सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना वाचून ज्याला समोरच्याची अडचण कळते, त्याला मतदारसंघ कळायला वेळ लागत नाही. ज्याला तो रकाना वाचायचा कंटाळा आहे त्यानं दुसरी कुठलीही वकिली करावी, नाव कमवावं. विधानसभेच्या वाटेला मी त्याला लावणार नाही.

मी पुसदला दिवाणी आणि महसुली वकिली करते. निवडणूक आली की उमेदवारांचे अर्ज तपासून देते, छाननीला त्यांच्या बाजूनं बसते. तिथं जे पाहिलं ते सलग लिहून काढते आहे.

आमच्या गावच्या वकिलासमोर एक वाट आधीच आखलेली आहे. वसंतराव नाईक गहुलीचे, इथून हाकेच्या अंतरावरच्या तांड्याचे. १९४० साली नागपूरला कायद्याची पदवी घेतली, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काही काळ काम केलं आणि १९४१ पासून पुसदला वकिली सुरू केली. १९४६ ला नगराध्यक्ष झाले. १९५२ ला जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत निवडून गेले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. मराठी आणि गुजराती भाग एकत्र असलेल्या द्वैभाषिक मुंबई राज्यात सहकार आणि मग कृषी खातं आलं. १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा ते महसूलमंत्री होते. ५ डिसेंबर १९६३ पासून १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत मुख्यमंत्री.

भाषणांत यातला शेवटचा टप्पाच येतो. वकिलानं मधले टप्पे नीट पाहावेत. आधी नगरपालिका, मग महसूल, सहकार, शेती आणि पुन्हा महसूल. तालुक्यातल्या वकिलाच्या टेबलावर जे विषय येतात, तेच विषय खात्यांच्या रूपानं पुन्हा हाती आले. आणि १९६० च्या जूनमध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली गेली तेव्हा तिचे अध्यक्ष हेच. १९६१ च्या मार्चमध्ये त्या समितीनं अहवाल दिला, त्यात २२६ शिफारशी होत्या. त्यातून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. एमपीएससीची पोरं नाईक समिती पाठ करतात ती हीच. नगरपालिका चालवलेला आणि महसूल खातं पाहिलेला वकील त्या खुर्चीत होता, म्हणून तो अहवाल इतक्या लवकर कायद्याच्या रूपात उतरला, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा पहिली काही वर्षं काय करायचं ते यातून निघतं. एक विषय धरा आणि त्याचे कायदे, नियम, शासन निर्णय मुखोद्गत करा. तालुका विधी सेवा समितीच्या पॅनलवर नाव घाला. तिथं फी थोडी मिळते, पण ज्याला वकील परवडत नाही तो माणूस भेटतो आणि शिबिरांच्या निमित्तानं तांड्यावाड्यांत जाणं होतं. एरवीच्या केसेस मात्र मतांच्या आशेनं फुकट घेऊ नका. फी न घेता घेतलेल्या केसकडे आपलंही लक्ष राहत नाही, तारखा पडत जातात आणि पक्षकार गावभर सांगतो की वकिलानं लटकवलं. वाजवी फी घ्या, पावती द्या, पुढची तारीख फोन करून कळवा. तालुक्यात वकिलाची पत यावरच बसते.

दुसरी गोष्ट मी फार कळकळीनं सांगते. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं काही म्हणजे काहीही राजकारणात वापरायचं नाही. विरोधी उमेदवाराचा भाऊ कधीकाळी तुमचा पक्षकार होता, घरच्या वाटणीत काय काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, आणि सभेत लोक टाळ्या वाजवताहेत. तरीही नाही. आधी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये असलेलं हे बंधन आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे आणि वकीलपत्र संपलं तरी ते संपत नाही. एकदा का वकील व्यासपीठावर बोलून गेला, की त्या तालुक्यात कोणी कुठल्याच वकिलासमोर मन मोकळं करत नाही. नुकसान एका माणसाचं राहत नाही, सगळ्या बारचं होतं.

बॅनरचंही पाहा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही. नावामागे ॲड. लावायला हरकत नाही, पण सणाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर ऑफिसचा पत्ता आणि कामांची यादी टाकू नका. तसंच बँड आणि गाऊन. समारंभाचे प्रसंग सोडले तर कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी ते घालायचे नाहीत, असा नियम आहे. प्रचाराच्या फोटोसाठी बँड लावून उभे राहणारे उमेदवार मी पाहते तेव्हा मला वाईट वाटतं. तो पोशाख न्यायासनासमोर उभं राहण्यासाठी आहे.

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद किंवा नगरपालिका, यांपैकी एखादी पायरी चढून मग वर जावं असं मला वाटतं. विलासराव देशमुख कायदा शिकून आले आणि बाभळगावचे सरपंच झाले, १९८० ला आमदार. यशवंतराव चव्हाणांनी मात्र कराडला वकिली केली आणि १९४६ ला थेट प्रांतिक विधिमंडळात गेले. दोन्ही वाटा झाल्या आहेत. स्थानिक निवडणुकीला वय २१ लागतं, विधानसभेला २५, विधान परिषदेला ३०. स्थानिक संस्थांत दोन अपत्यांची अट आहे, १२ सप्टेंबर २००१ ही त्यातली तारीख ध्यानात ठेवा, तिच्यानंतर झालेल्या मुलांनाच ही अट लागते. राखीव जागा असेल तर जातवैधता प्रमाणपत्राचं काम फार आधी हाती घ्या. सरकारी जागेवर घरच्यांचं अतिक्रमण असेल तर तेही अंगाशी येतं. या सगळ्या अपात्रतेच्या तक्रारी वकीलच चालवतात, त्यामुळे वकील उमेदवारानं त्यात सापडणं लोकांना अजिबात पटत नाही.

अर्ज भरताना

विधानसभेच्या उमेदवारी अर्जावर मी जास्त वेळ घेते, कारण चांगल्या माणसाची पाच वर्षं एका रकान्यावरून जाऊ शकतात.

सरकारी वकील किंवा सहायक सरकारी वकील असाल तर अर्ज भरण्याच्या पुष्कळ आधी राजीनामा द्या आणि तो मंजूर झाल्याचं पत्र हातात घ्या. सरकारकडून लाभ मिळणारं पद असलेल्याला आमदार होता येत नाही, ते संविधानाच्या अनुच्छेद १९१ मधलं लाभाचं पद इथं आडवं येतं. राजस्थानात कोलायत मतदारसंघातून निवडून आलेल्या कांता कथुरिया विशेष सरकारी वकील होत्या, म्हणून त्यांची निवड उच्च न्यायालयानं रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ साली त्यांची निवड वैध ठरवली, पण पाच न्यायमूर्तींमध्ये तीन विरुद्ध दोन असा निकाल होता, आणि दरम्यान राज्य विधिमंडळानं पूर्वलक्षी कायदाही केला होता. एवढ्या बारीक दोरीवर आपली निवडणूक टांगायची कशाला? सरकारशी चालू कंत्राट असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ वाचा.

अर्ज नमुना २ब मध्ये असतो, जास्तीत जास्त चार भरता येतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो, अपक्षाला आणि इतरांना दहा लागतात आणि ते सगळे त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. इथं गोंधळ होतो, कारण तालुका आणि मतदारसंघ यांच्या सीमा सगळीकडे जुळत नाहीत. सूचकाचं गाव तालुक्यात असतं आणि नाव शेजारच्या मतदारसंघात. प्रत्येक सूचकाचा यादीभाग आणि अनुक्रमांक छापील यादीत बोट ठेवून पाहा, मोबाईलवरच्या फोटोवर विसंबू नका. तुमचं स्वतःचं नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर चालतं, फक्त त्या यादीची प्रमाणित प्रत जोडा. पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारा एबी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे आणि त्यावरची सही शाईची हवी. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. आणि शपथ. अर्ज दिल्यावर शपथ घेऊन तिचं प्रमाणपत्र घ्यायचं, छाननीच्या दिवसासाठी ठेवायचं नाही.

नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र हा खरा घाम काढणारा कागद. स्वतःचं, जोडीदाराचं, हिंदू अविभक्त कुटुंबाचं आणि अवलंबितांचं पाच वर्षांचं आयकर विवरण, जमीन, सोनं, कर्ज, सरकारी देणी. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. जिथं काही नाही तिथं ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं स्पष्ट लिहायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली रिसर्जन्स इंडियाच्या प्रकरणात सांगितलं आहे की कोरे रकाने ठेवलेलं प्रतिज्ञापत्र नाकारता येतं. त्यातही आंदोलनं केलेल्या उमेदवारांनी गुन्ह्यांच्या रकान्याला जपावं. रास्ता रोको झाला, त्या रात्री पोलिसांनी जमावबंदी मोडल्याचा, पोलीस अधिनियमाच्या कलम १३५ चा गुन्हा नोंदवला आणि आपण विसरलो. तो खटला अजून चालू असतो. उपविभागातल्या प्रत्येक ठाण्यात लेखी अर्ज देऊन माहिती मागवा, कोर्टाच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावानं शोधा, नावाची स्पेलिंग बदलून बदलून शोधा. गुन्हे असतील तर ते प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर प्रसिद्ध करावे लागतात. दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली तर अपात्रता त्याच दिवसापासून लागते, लिली थॉमसच्या २०१३ च्या निकालानंतर अपिलाचं निमित्त पुरत नाही.

छाननीत समोरच्यानं हरकत घेतली तर आवाज चढवू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३६ चं उपकलम ४ वाचून दाखवा. किरकोळ स्वरूपाच्या दोषावरून अर्ज फेटाळायचा नाही, असं त्यात लिहिलंय. आणि लेखी उत्तर तयार ठेवा, कारण पुढं निवडणूक याचिका झाली तर तोच कागद उच्च न्यायालयात जातो. आमच्याकडच्या याचिका नागपूर खंडपीठात जातात, मुदत निकालापासून ४५ दिवस.

खर्चाची मर्यादा ४० लाख आहे. वेगळं बँक खातं उघडा, हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्या. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही, फक्त पाळायचं आहे.

सभागृहात

इथं वकिलाचं खरं काम सुरू होतं आणि इथंच पुष्कळ वकील आमदार वकिली विसरतात. उद्घाटनं, बदल्या, लग्नं यातच पाच वर्षं जातात. माझं म्हणणं सरळ आहे. लोकांनी वकिलाला निवडून दिलं ते त्याला प्रश्न विचारता येतो म्हणून.

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात तोंडी द्यायचं असा प्रश्न. त्याचा साचा ठरलेला आहे. पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडून ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’ करत पुढचे भाग, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ समजा एखाद्या सिंचन तलावासाठी जमिनी गेल्या आणि मोबदला अडला आहे. नवखा आमदार लिहितो: ‘यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांना भूसंपादनाचा मोबदला मिळालेला नाही, हे खरे आहे काय?’ जिल्ह्यात काही शेतकऱ्यांना तरी मोबदला मिळालेलाच असतो. उत्तर येतं, ‘हे खरे नाही.’ आणि पुढच्या प्रत्येक भागाला, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ संपलं. शेतकरी प्रेक्षक गॅलरीत बसलेला असतो आणि त्याच्या अंगावरच्या कपड्याइतकं खरं असलेलं दुःख सभागृहाच्या कागदावर खोटं ठरतं.

उलटतपासणी केलेला वकील असं लिहीत नाही. तो पहिल्या भागात नाकारताच येणार नाही अशी गोष्ट घेतो: अमुक तालुक्यातील अमुक प्रकल्पासाठी संपादित जमिनीचा निवाडा अमुक दिनांकास जाहीर झाला, हे खरे आहे काय. निवाड्याची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाची प्रत त्याच्या फाइलीत असते, त्यामुळे खातं ‘नाही’ म्हणू शकत नाही. दुसरा भाग: असल्यास, निवाड्यातील एकूण किती खातेदारांना आजमितीस मोबदला अदा करण्यात आला व किती खातेदारांचा प्रलंबित आहे. तिसरा: प्रलंबित रक्कम किती व ती कोणत्या कालावधीत अदा करण्यात येणार आहे. चौथा: विलंबाची कारणे. आता खात्याला आकडे द्यावेच लागतात. ‘अंशतः खरे आहे’ असं उत्तर आलं तर उपप्रश्न तिथंच विचारायचा: कोणता अंश खरा? उपप्रश्नाला वेळ फार थोडा असतो, तेव्हा एक वाक्य, एक आकडा, एक मागणी. हा प्रश्न लिहायला भूसंपादन कार्यालयात जाऊन निवाडा वाचावा लागतो. म्हणून तर मी सुरुवातीला महसुलाची कामं विचारते.

विषय कोर्टात चालू असेल तर न्यायप्रविष्ट म्हणून तो सभागृहात घेता येत नाही. वकिलाला हे माहीत असतं, म्हणून प्रश्न धोरणावर बेतावा, प्रकरणावर नाही. आणि न्यायाधीशांच्या वर्तनाची चर्चा विधिमंडळात करता येत नाही, अनुच्छेद २११. चिडलेल्या पक्षकारांचं ऐकून भाषणाला उभे राहाल तेव्हा हे आठवा. तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधायला विधानसभा नियमांतल्या नियम १०५ ची लक्षवेधी सूचना आहे, मोठ्या चर्चेला नियम २९३.

विधेयकं वाचायची सवय तर वकिलानं सोडायचीच नाही. विधेयक हाती पडलं की मी सांगते त्या क्रमानं वाचा. आधी शेवटची पानं: उद्देश व कारणे यांचे निवेदन, वित्तीय ज्ञापन, आणि प्रत्यायुक्त विधिविधानासंबंधीचे, म्हणजे सरकारला दिलेल्या नियम करण्याच्या अधिकाराचे ज्ञापन. या शेवटच्यात कुठल्या खंडाखाली सरकारनं नियम करायचा अधिकार स्वतःकडे घेतला आहे ते लिहिलेलं असतं. मग त्या त्या खंडाकडे जा. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ असं जिथं येतं तिथं पेन्सिलनं खूण करा. फी किती, मुदत किती, अपील कुणाकडे, हे जर सगळं नियमांवर सोडलेलं असेल तर सभागृह एक रिकामा सांगाडा मंजूर करत आहे. मुदत खंडातच लिहा, अशी दुरुस्ती द्या. एक ओळीची दुरुस्ती असते. ती मान्य झाली तर राज्यातल्या हजारो माणसांच्या तारखा वाचतात. ती फेटाळली गेली तरी कार्यवाहीत नोंद राहते आणि नियम सभागृहापुढं ठेवले जातात तेव्हा पुन्हा बोलता येतं.

अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं मांडलेली विधेयकं क्वचितच मंजूर होतात, म्हणून ती मांडूच नयेत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बॅरिस्टर आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधानसभेत खोती, म्हणजे कोकणात खोतानं शेतकऱ्यांकडून सारा वसूल करायची पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चानं आले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. विधेयकाचा मसुदा तयार असला की मागणीला आकार येतो, आणि मसुदा लिहिणं हे तर वकिलाचं रोजचं काम.

वकिली चालू ठेवायची की नाही, हे सगळेच विचारतात. सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०१८ ला अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेत सांगितलं की आमदार-खासदार हे पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, त्यामुळे पगारी नोकराला वकिली करू न देणारा बार कौन्सिलचा नियम ४९ त्यांना लागत नाही आणि ते वकिली करू शकतात. कायदा परवानगी देतो, तरी मी दोन बंधनं सांगते. ज्या विषयावर सभागृहात बोललात त्या विषयाचं वकीलपत्र घेऊ नका. आणि आमदार म्हणून मदत मागायला आलेल्या माणसाला ऑफिसचा पक्षकार करू नका. अधिवेशनात तारखा घेऊ नका, पक्षकाराला आधीच दुसरा वकील लावून द्या. मंत्री झालात तर वकिली थांबवायची आणि बार कौन्सिलला तसं कळवायचं.

पराभव झाला तर ऑफिस असावं, म्हणूनही टेबल मोडू नये. विलासराव १९९५ ला लातूरला हरले आणि १९९९ ला मुख्यमंत्री झाले, पण असं सगळ्यांचं होत नाही. मधल्या काळात पोट भरणारा धंदा हाती असलेला माणूस कुणाच्या दारात उभा राहत नाही, आणि पुढच्या तिकिटासाठी मत बदलायची वेळ त्याच्यावर येत नाही.

निवडून आलेल्यांसाठी एक काम उरतं. मंत्री सभागृहात ‘तपासून पाहू’, ‘तीन महिन्यांत अहवाल देऊ’ असं म्हणतात तेव्हा ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. अधिवेशन संपलं की कार्यवाहीची प्रत मागवा, आपल्या प्रश्नावरची आश्वासनं एका वहीत तारखेनिशी उतरवा, आणि मुदत उलटली की समितीच्या सचिवांना पत्र द्या. पत्राची एक प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पुढच्या वेळी निवाड्यातला खातेदार विचारायला आला तर त्याला भाषण ऐकवायची गरज पडणार नाही, वही पुढं करता येईल.